विजेचा जमाखर्च घराघरांत मांडला जावा

मराठी मध्यमवर्गीय घरात हिशेबाची एक वही असे. दुधाचा रतीब, इस्त्रीचे कपडे, किराणा, मुलांची फी, देवळातली दक्षिणा आणि पाहुण्यांच्या मुलांच्या हातावर ठेवलेले पैसे हे सारे तिच्यात लिहिले जाई. महिनाअखेरीस दोन रुपयांचा मेळ बसला नाही, तर घरच्या गृहिणीला चैन पडत नसे. आज ती वही अनेक घरांत मोबाइलमध्ये गेली आहे. परंतु जुन्या वहीत काय आणि नव्या मोबाइलमध्ये काय, वीजबिलाचा रकाना मात्र एकाच आकड्याचा राहिला. दूध किती लिटर घेतले आणि कोणाच्या चहाला किती गेले हे सांगू शकणाऱ्या घराला, महिन्याचे अडीचशे युनिट कोणत्या खोलीत कोणत्या उपकरणाने खाल्ले हे सांगता येत नाही. बिल येते, कुटुंबप्रमुखाच्या कपाळावर आठ्या पडतात, 'दिवे बंद करत जा' अशी ताकीद मुलांना मिळते, बिल भरले जाते आणि पुढच्या महिन्यापर्यंत विषय संपतो.

गंमत अशी की, ज्या दिव्यांसाठी मुलांना बोलणी बसतात, त्या दिव्यांचा वाटा त्या बिलात बहुधा सर्वांत लहान असतो. चोर माजघरात बसलेला असतो आणि शोध अंगणात चाललेला असतो. या अज्ञानावरचा उपाय म्हणजे घराचे ऊर्जा लेखापरीक्षण आणि त्यातून निघालेल्या निष्कर्षांनुसार घरात केलेल्या सुधारणा. शब्द जड वाटला तरी त्याचा अर्थ जुन्या वहीइतकाच साधा आहे : वीज कोठे जाते ते मोजावे, लिहावे, आणि मगच पैसा खर्च करावा.

कारखान्याला कायदा, घराला उपदेश

ऊर्जाबचतीचा विचार या देशाने केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा संमत केला. १ मार्च २००२ रोजी केंद्रीय वीज मंत्रालयाच्या अखत्यारीत ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. सिमेंट, पोलाद, खते, कागद अशा विजेची आणि इंधनाची मोठी भूक असणाऱ्या उद्योगांना अधिकृत ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घेणे या कायद्याने बंधनकारक करता आले. कारखान्याच्या बॉयलरमधून किती उष्णता वाया जाते, कोणती मोटर गरजेपेक्षा मोठी आहे, दाबाखालच्या हवेची गळती कोठे आहे, याचे अहवाल तयार होऊ लागले. नफ्यातोट्याचे गणित कळणाऱ्या उद्योजकांनी त्यातले पुष्कळसे मनावर घेतले.

घरांच्या बाबतीत मात्र शासनाची वाट वेगळी राहिली. घराला तपासणी मिळाली नाही, वस्तू मिळाल्या. २००६ साली उपकरणांवर तारांकित लेबले आली. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांवर ती सक्तीची झाली, तर छताच्या पंख्यांवर जानेवारी २०२३ पासून. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघरी पोहोचले. घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. हे यश मोठे आहे आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण या यशानेच एक समज पसरवला, की वीज वाचवणे म्हणजे नवी वस्तू विकत आणणे. घरात साठ वॉटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी नऊ वॉटचा एलईडी आला की कर्तव्य पार पडले, असे वाटू लागले. त्याच घरात पंधरा वर्षांचा फ्रीज घरघरत राहिला आणि पश्चिमेची उघडी भिंत तापत राहिली, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. औषधे स्वस्तात वाटली गेली, पण नाडी कोणी पाहिली नाही.

एका युनिटच्या मागे काय उभे असते

एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. बिलावर त्याची किंमत रुपयांत दिसते, परंतु त्या युनिटचा प्रवास बिलावर दिसत नाही. देशातल्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशावर तयार होतो, आणि कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो. ती वीज वाहून आणताना आणि वाटताना वाटेत गळतीही होते. त्यामुळे घरात वाचलेले एक युनिट वीजकेंद्रात एक युनिटाहून अधिक वाचवते.

महाराष्ट्राला हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथेच हा कोळसा जळतो, तेथेच राख साठते, आणि तिथली वीज मुंबई-पुण्याच्या गारव्यासाठीही वापरली जाते. पुण्याच्या एखाद्या रिकाम्या खोलीत विनाकारण फिरणाऱ्या पंख्याचे ओझे विदर्भातल्या माणसाच्या श्वासावर पडते. वीजबचत हा केवळ खिशाचा प्रश्न असता, तर ज्याला परवडते त्याने उधळावी, असे म्हणता आले असते. तो एका समाजातल्या माणसांनी एकमेकांचे ऋण ओळखण्याचा प्रश्न आहे, म्हणून तसे म्हणता येत नाही.

या राज्याने टंचाईही पाहिली आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. त्याच काळात 'अक्षय प्रकाश' योजनेत अनेक गावांनी संध्याकाळच्या वेळी पंप आणि जड उपकरणे आपण होऊन बंद ठेवली आणि त्या बदल्यात गावातले दिवे तेवत राहिले. कोणा एका घराने ठरवून ते साधले नसते. गाव एक झाले म्हणून ते साधले. त्या संयमाची आठवण आज विपुलतेच्या दिवसांत अधिक उपयोगाची आहे.

मोजणी कशी करावी

घराच्या तपासणीसाठी परदेशी यंत्रांची आवश्यकता नाही. पहिले साधन म्हणजे गेल्या बारा महिन्यांची बिले. त्यांतले युनिटचे आकडे ओळीने लिहिले की घराचा स्वभाव कळतो. उन्हाळ्यात उडी असेल तर प्रश्न गारव्याचा आहे. थंडीत उडी असेल तर गिझरचा आहे. बाराही महिने आकडा सारखाच जड असेल, तर चोवीस तास चालणारे काहीतरी वीज खात आहे. महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातले युनिट महाग असते. त्यामुळे ३२० वरून २९० वर आलेल्या घराची बचत नुसत्या तीस युनिटांच्या सरासरी किमतीपेक्षा जास्त भरते.

दुसरे साधन म्हणजे दारातला मीटर. त्यावरचा लहान लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींना एक युनिट होते हे मीटरवर छापलेले असते. समजा, तो आकडा ३,२०० आहे. रात्री फ्रीजसह सर्व उपकरणांची बटणे बंद केल्यावर हा दिवा गप्प राहिला पाहिजे. तो मिनिटाला चार वेळा लुकलुकत असेल, तर घर झोपेतही ७५ वॉट वीज खात आहे, म्हणजे महिन्याला ५४ युनिट. हे युनिट बहुधा दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, संगणक किंवा खटक्यावर बंद न करता केवळ रिमोटने निजवलेली उपकरणे यांचे असतात. सारे खटके बंद असूनही दिवा चालूच राहिला, तर तारांमध्ये गळती असण्याचा संभव आहे. मग विषय बचतीचा न राहता जिवाच्या सुरक्षिततेचा होतो आणि परवानाधारक वायरमनला बोलावणे हाच एक मार्ग उरतो. जुन्या घरांतले सैल सांधे, बारीक तारा आणि नावापुरते अर्थिंग या तपासणीत उघडे पडतात, हा तिचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे.

तिसरे साधन वही. प्रत्येक उपकरणाचे वॉट, रोजचे तास आणि वर्षातले दिवस एका ओळीत लिहायचे आणि गुणाकार करायचा. आठवीतल्या मुलाला हे गणित येते. किंबहुना ते त्यानेच करावे, कारण वडिलांच्या दरडावण्याने जे होत नाही ते स्वतः मांडलेल्या आकड्याने होते.

तोच पंखा, दोन खोल्या

मोजणी का करायची, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जुना छताचा पंखा पूर्ण गतीला सुमारे ७५ वॉट घेतो. नव्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॉट पुरतात. फरक ४५ वॉटचा. दिवाणखान्यातला पंखा वर्षातले तीनशे दिवस रोज बारा तास चालत असेल, तर नव्या पंख्याने वर्षाला १६२ युनिट वाचतात. सर्व आकार धरून युनिटला ८ रुपये मानले, तर वर्षाची बचत सुमारे १,३०० रुपये. पंखा ३,००० रुपयांचा असेल, तर सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे वसूल झाले. हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत बसवला आणि ती खोली वर्षातून महिनाभर, रोज आठ तास वापरात असली, तर वर्षाला जेमतेम ११ युनिट वाचतात. त्यातून पंख्याची किंमत वसूल व्हायला तीस-पस्तीस वर्षे लागतील.

वस्तू तीच, तारे तेवढेच, जाहिरातही तीच. एका खोलीत शहाणपण आणि दुसऱ्या खोलीत उधळपट्टी. हा भेद दुकानदार सांगणार नाही, लेबलावर लिहिलेला सापडणार नाही. तो घराच्या हिशेबातच दिसतो. म्हणून आधी लेखापरीक्षण आणि मग खरेदी, हा क्रम महत्त्वाचा आहे. आज तो सर्रास उलटा असतो.

फ्रीजची गोष्ट अशीच आहे. नवा फ्रीज आला की जुना गच्चीच्या दाराशी किंवा गॅलरीत जातो आणि सरबताच्या दोन बाटल्यांसाठी वर्षभर चालू राहतो. असा जुना फ्रीज दिवसाला दीड-दोन युनिट सहज घेतो. नव्या फ्रीजने वाचवलेली सारी वीज तो गिळून टाकतो. गिझरचे गणितही कळण्यासारखे आहे. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे अर्धे युनिट लागते. चौघांच्या घरात असे साठ लिटर रोज तापले की महिन्याला साठ युनिट झाले. ज्याच्या डोक्यावर गच्ची आहे त्या घराने सौर बंबाचा विचार येथे सर्वांत आधी करावा. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावीत असा नियमही झाला. त्यावरून १८ अंशांवर उतरवून वर दुलई पांघरून झोपणे, ही हौस मात्र नियमाने थांबणारी नाही.

याच बाजारात 'वीज वाचवणारे' म्हणून प्लगमध्ये खोचायचे छोटे डबेही विकले जातात. हे डबे पॉवर फॅक्टर सुधारण्याचा दावा करतात. साधारण घरगुती ग्राहकाचे बिल मात्र प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर निघते. त्यामुळे त्या डब्याने बिल कमी होत नाही, डब्याचा एक दिवा मात्र जळत राहतो. ज्याने एकदा हिशेब मांडला तो असल्या भूलथापांना बळी पडत नाही.

पूर्वजांची माळवदे आणि आजचे स्लॅब

उपकरणांइतकाच, किंबहुना त्याहून मोठा वाटा घराच्या अंगाचा असतो. सोलापूर-मराठवाड्यातील माळवदाची घरे, त्यांच्या हातभर जाडीच्या भिंती आणि वरचा पांढऱ्या मातीचा थर पाहिला, की उन्हाशी कसे वागावे हे त्या लोकांना ठाऊक होते याची खात्री पटते. वाड्यातला चौक गरम हवेला वर जाऊ देई. कोकणातल्या घराची पडवी भिंतीवर ऊन आणि पाऊस येऊ देत नसे. नागपूरकडे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून कोरड्या वाऱ्याकडूनच गारवा घेतला जाई. हे सारे जसेच्या तसे परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. शहरात जागा नाही आणि माळवदाची दरवर्षीची डागडुजी करायला हातही नाहीत. परंतु त्यामागचे तत्त्व शिळे झालेले नाही. उष्णता घरात शिरल्यावर तिला बाहेर काढणे महाग पडते, दारातच अडवणे स्वस्त पडते.

आजचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली ओकतो. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या गच्चीला चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात दिला, फुटक्या चिनी मातीच्या फरशीचा थर दिला, किंवा वर सावलीची जाळी बांधली, तर खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. तेलंगणने २०२३ साली यासाठी स्वतंत्र शीत छत धोरणच आखले. सौरपट्ट्या बसवल्या तर त्यांची सावलीही छताला मिळते. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून छज्जा किंवा बांबूची चीक लावणे अधिक गुणकारी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यामागेच अडकून खोली तापवते. विदर्भासारख्या कोरड्या हवेत कूलर अजूनही वातानुकूलन यंत्राच्या कितीतरी कमी विजेत काम भागवतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो निकामी ठरतो. उपाय प्रदेशाप्रमाणे बदलतो आणि म्हणूनच साऱ्या देशाला एकच वस्तू वाटून हा प्रश्न सुटत नाही.

येथे गरिबाच्या घराचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येणार नाही. महिन्याला पन्नास युनिट वापरणाऱ्या, पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला बचतीचा उपदेश करणे हा उद्धटपणा ठरेल. त्याला वीज कमी वापरायला सांगायचे नाही. त्याला मे महिन्याच्या दुपारी पाळण्यातले मूल निजेल असे घर द्यायचे आहे. त्या पत्र्यावर पांढरा रंग देणे, खाली बांबूच्या तट्ट्याचे छत करणे, समोरासमोर दोन झरोके पाडणे, ही कामे एका रविवारात चार जणांच्या हातांनी होऊ शकतात. ऊर्जा कार्यक्षमतेचा सर्वांत तातडीचा अर्थ तेथे आहे.

तिसरे लेखापरीक्षण

शहरी महाराष्ट्र मोठ्या प्रमाणावर सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतो. या संस्थांना दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करावे लागते. इमारत पंधरा वर्षांची झाली की तिचे स्ट्रक्चरल ऑडिटही करून घ्यावे लागते. पैशाची तपासणी होते, खांबांची होते, मग विजेची का होऊ नये? जिन्यात रात्रभर जळणारी जुनी चाळीस वॉटची ट्यूब चोकसह पन्नासहून अधिक वॉट घेते आणि वर्षाला सव्वादोनशे युनिट खाते. तिच्या जागी अठरा वॉटची एलईडी ट्यूब सुमारे ऐंशी युनिटांत तेवढाच उजेड देते. पाण्याचा पंप गरजेपेक्षा मोठा असतो, त्याचा व्हॉल्व्ह गळका असतो, गच्चीवरची टाकी भरून वाहत असते आणि पहारेकरी झोपलेला असतो. वाहणारे पाणी हे वर चढवलेली वीज असते. ते थांबवणे हे दुहेरी पुण्य आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत चहाच्या खर्चावर तासभर वाद घालणाऱ्या सभासदांनी सामायिक वीजबिलावर दहा मिनिटे दिली, तरी पुष्कळ साधेल.

शासनाकडून अपेक्षा

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज' योजनेत तीन किलोवॉटच्या सौर छतसंचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना स्तुत्य आहे. पण तिच्या आधीची पायरी गाळली गेली आहे. एक किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. महिन्याला ३०० युनिट वापरणारे घर म्हणून तीन किलोवॉटचा संच बसवते. त्याच घराने आधी तपासणी करून वापर २२० वर आणला असता, तर दोन किलोवॉटमध्ये भागले असते. एका किलोवॉटचा खर्च आणि शासनाचे तेवढे अनुदान दोन्ही वाचले असते. भोक असलेल्या घागरीसाठी मोठी विहीर खणण्याचा हा प्रकार आहे.

म्हणून वीज वितरण कंपन्यांनी नाममात्र शुल्कात घरगुती तपासणीची सेवा सुरू करावी. सौर अनुदानाच्या अर्जासोबत तिचा अहवाल जोडणाऱ्याला प्राधान्य द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या वीजतंत्री मुलांना या कामाचे शिक्षण द्यावे, म्हणजे गावोगाव रोजगारही उभा राहील. २०१८ साली केंद्राने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' तयार केली. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी आणि छत किती रोधक असावे, याच्या मर्यादा तिने घालून दिल्या. बांधकाम नियमांत तिची कसोशीने अंमलबजावणी व्हायला हवी, कारण घर बांधणारा एकदाच पैसे वाचवतो आणि राहणारा पुढची पन्नास वर्षे त्याचे बिल भरतो. संगमरवरी प्रवेशद्वाराचे चित्र छापणाऱ्या विकासकाने छताची उष्णतारोधकताही छापलीच पाहिजे.

मात्र पाश्चात्त्यांचे अनुकरण डोळे मिटून करण्याचे कारण नाही. त्यांची घरे आतली ऊब राखण्यासाठी फटी बुजवतात, आपल्याला बाहेरची उष्णता अडवून वारा आत घ्यायचा आहे. त्यांच्या चुकाही पाहण्यासारख्या आहेत. ब्रिटनने २०१३ साली 'ग्रीन डील' योजना आणली. घराची तपासणी करायची, कर्जातून सुधारणा करायच्या आणि वाचलेल्या वीजबिलातून हप्ते फेडायचे, अशी तिची कल्पना होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात व्याज चढे, कागदपत्रे किचकट. जेमतेम १४,००० घरांनी तिच्यातून कर्ज घेतले आणि २०१५ साली शासनाने तिचा निधी थांबवला. धडा स्पष्ट आहे. घराचे दार कर्जाच्या अर्जाने उघडत नाही, ओळखीच्या माणसाने उघडते.

आक्षेप आणि उत्तर

मोठे कारखाने, झगमगते मॉल आणि जाहिरातींचे फलक वीज उधळत असताना मध्यमवर्गीयाच्या पंख्याचा हिशेब कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. फलकांवर नियम हवेतच. परंतु देशातल्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा घरांत जातो आणि तो वाढतो आहे. शिवाय घरांची मागणी सूर्यास्तानंतर उसळते, जेव्हा सौरवीज थांबलेली असते आणि कोळशालाच धावावे लागते. त्या वेळेचे युनिट वाचवणे म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कार्यक्षम यंत्र आले की माणूस ते अधिक वेळ वापरतो. पाच तारांचे यंत्र घेतले म्हणून एका खोलीऐवजी दोन खोल्यांत गारवा चालतो आणि बचत हवेत विरते. हे खरे आहे आणि याचे उत्तर कोणत्याही तंत्रज्ञाकडे नाही. ते घरातल्या वळणाकडे आहे. पुरेसे म्हणजे किती, हे ठरवण्याची सवय ज्या कुटुंबाला आहे, त्याच्याच हाती यंत्राची कार्यक्षमता टिकते.

आणि म्हणूनच हे काम केवळ शासनाचे नव्हे. प्रत्येक वस्तीत एखादा निवृत्त विद्युत अभियंता असतो, एखादा वायरमन असतो, सुट्टीत मोकळी असलेली चार महाविद्यालयीन मुले असतात. त्यांनी एकत्र येऊन येत्या फाल्गुनापर्यंत दहा घरे निवडावीत. बारा महिन्यांची बिले, मीटरची रात्रीची तपासणी, उपकरणांची यादी, गच्ची आणि पश्चिमेची भिंत एवढेच पाहावे. प्रत्येक घराला एका पानावर तीन कामे लिहून द्यावीत : एक फुकटातले, एक थोड्या खर्चाचे आणि एक साठवून करण्याचे. वर्षाने पुन्हा त्याच दारात जाऊन नवी बिले पाहावीत. ज्या घरात बचत झाली तेथे ती किती आणि कशाने झाली हे लिहावे, आणि ज्या घरात झाली नाही तेथे का झाली नाही हेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे. दहांपैकी एखादे तरी घर वस्तीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराचे असावे, आणि तेथे पानावर कामे लिहून देऊन न थांबता ती हातांनी करून द्यावीत.

या दहा पानांतून वस्तीला स्वतःच्या विजेची ओळख होईल. पुढच्या वर्षी ती शंभर पाने होतील. ज्या समाजाने हिशेबाची वही देवघराशेजारच्या कोनाड्यात जपून ठेवली, त्याला तिच्यात आणखी एक रकाना आखणे अवघड जाऊ नये.